समाधान कॉलनीची तोडफोड सहल

परभणीत रेज रूम निघाली याला मी जबाबदार नाही. समाधान कॉलनीची सहल तिथं नेली याला आहे, आणि तसं मी पोलीस चौकीत लेखी दिलेलं आहे. परंतु त्यानंतर जे काही झालं त्याचं खापर माझ्या एकट्याच्या डोक्यावर फुटलं, ते न्यायाला धरून नव्हतं. म्हणून हा खुलासा.

मी शिवाप्पा एकलारे. एकोणतीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. कॉलनीत मला सर म्हणतात. कॉलनी म्हणजे गावाबाहेर एका ओळीत चार घरं. पाटीवर कॉलनी लिहिलंय म्हणून कॉलनी. चार घरांत मिळून एक बोअर, बोअरला एक मोटार, आणि मोटारीचं बटण भुजंगरावांच्या ओसरीत. भुजंगरावांचं खत-बियाण्याचं दुकान आहे. बटण त्यांच्याच ओसरीत का, तर वायरिंग करणारा माणूस त्या दिवशी तिथं सावलीला बसला होता. एवढ्या एका सावलीवरून नऊ वर्षं भांडण. शेजारच्या परमेश्वरचं म्हणणं, भुजंगराव स्वतःची टाकी सांडेपर्यंत भरतात आणि मग मोटार तापली म्हणून बंद करतात. भुजंगरावांचं म्हणणं, परमेश्वर पाइपाचा कॉक परस्पर पिरगाळतो. परमेश्वर मोटारी आणि मिक्सर दुरुस्त करतो. त्यामुळं मोटार जळली की भुजंगरावांना संशयही त्याचाच येतो आणि दुरुस्तीला बोलवावंही त्यालाच लागतं. चौथं घर आश्रुबाचं. तो क्रूझर जीप चालवतो आणि शक्यतो बोलत नाही.

या चार घरांचा अध्यक्ष मी. दर रविवारी दहा वाजता माझ्या अंगणात सभा. हजेरी, मागील सभेचं इतिवृत्त, विषयपत्रिका, सगळं रीतसर. नऊ वर्षांत एक रविवार चुकला नाही. प्रश्न सुटला नाही ही गोष्ट वेगळी. प्रश्न काश्मीरचाही लवकर सुटत नाही, म्हणून नकाशे छापायचं कोणी थांबवत नाही.

गेल्या वर्षी कॉलनीची सहल येलदरी धरणावर नेली होती. एवढं पाणी पाहून माणसं शांत होतील असा माझा कयास होता. झालं उलटंच. भिंतीवर उभं राहून परमेश्वर म्हणाला, "एवढं पाणी जर आपल्या बोअरला असतं, तरी आमच्या टाकीत आलं नसतं." तिथून परतीपर्यंत जीपमध्ये जे झालं ते मी इतिवृत्तात घेतलेलं नाही.

यंदा माझी मुलगी ऋतुजा पुण्याहून फोनवर म्हणाली, "पप्पा, आमच्या कंपनीनं सगळ्यांना रेज रूमला नेलं होतं. हेल्मेट घालायचं, बॅट घ्यायची आणि जुन्या वस्तू फोडायच्या. सगळा राग निघून जातो. परभणीतपण एक निघालीय म्हणं. तुमी जाऊन या की."

ती हे मला म्हणाली, की कॉलनीला म्हणाली, यावर पुढं आमच्या घरात मतभेद झाले. मी ते कॉलनीसाठी घेतलं. मला राग येत नाही.

रविवारच्या सभेत विषय मांडला. कॉलनीचा साठलेला राग एकदाच, सुरक्षितपणे, बंद खोलीत काढून टाकायचा आणि कोऱ्या मनानं परत यायचं. भुजंगराव म्हणाले, "फोडायचंच हाय तर तिकडं कामून जायचं सर? इथंच कॉक फोडू की." परमेश्वर म्हणाला, "बटण फोडू." परमेश्वरची आई धुरपताबाई ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाल्या, "चांगलं भांडं फोडायला माणसाला येड लागावं लागतंय. आन् येड लागल्यावर गाडी करून जातंय का कुणी?" भुजंगरावांच्या पत्नी कमलबाईंचा प्रश्न एवढाच होता की तिथं फोटो काढतात का, म्हणजे साडी तशी नेसता येईल. आश्रुबानं मान हलवली. ती होकाराची होती की डास बसला होता, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. मी होकार नोंदवला.

माझ्या सौभाग्यवती मल्लम्मा यांनी सभेत काही मत दिलं नाही. घरात आल्यावर दिलं. "तुमी एकटेच जाऊन फोडून या. बाकीच्यांची दुपार कामून खराब करायलाव?"

"मल्लम्मा, हा सामाजिक प्रयोग आहे."

"मंग तुमीच करा. समाज बसलाय इथं, चहा मागायलाय."

मी स्वतः जाऊन ती जागा पाहून आलो. कापसाच्या जुन्या जिनिंगच्या गोदामात तीन खोल्या काढल्या होत्या. बाहेर पाटी होती, 'भडास'. चालवणारी प्रियांका पिंगळी गावची. इंजिनिअर झालेली, दोन वर्षं पुण्यात नोकरी करून परत आलेली, वडिलांचा भंगारचा धंदा. वडील वस्तू किलोनं घेतात, ही तासानं फोडायला देते. मुलगी हुशार वाटली. तिनं मला 'काका' म्हटलं तेव्हा मी 'सर' अशी दुरुस्ती केली.

तिच्याकडं सात जणांचं ग्रुप पॅकेज होतं. परमेश्वरची बायको बाळंतपणाला माहेरी होती, त्यामुळं आम्ही नेमके सातच भरत होतो. पॅकेजमध्ये एक फॉर्म होता. नाव, वय, रक्तदाब, आणि सातव्या क्रमांकाला प्रश्न : 'सध्या सर्वांत जास्त राग कोणाचा येतो?' मी विचारलं, हे कशासाठी. तर म्हणाली, ते नाव वस्तूवर चिकटवून देतो, लोकांना बरं पडतं.

मला कल्पना फार आवडली. भुजंगराव परमेश्वरच्या नावाचा टीव्ही फोडतील, परमेश्वर भुजंगरावांच्या नावाचा फ्रिज फोडेल, आणि संध्याकाळी दोघं मोकळे. मी सातही फॉर्म आणले. प्रत्येकाला वेगवेगळ्या वेळी घरी जाऊन दिले. इथं मी एक गोष्ट ठासून सांगू इच्छितो. मी एकाचाही फॉर्म वाचला नाही. धुरपताबाईंना लिहिता येत नाही, तर त्यांनी तो कमलबाईंकडून लिहून घेतला आणि मी तेवढा वेळ अंगणात पाठ करून उभा राहिलो. सगळे फॉर्म पाकिटात घातले, पाकिटाला दोरा बांधला आणि दोऱ्यावर लाख ओतली. बोर्डाच्या परीक्षेच्या गठ्ठ्याला एकोणतीस वर्षं सील केलेलं आहे मी. माझ्या सहीवर कुणी बोट ठेवलेलं नाही.

माझ्या स्वतःच्या फॉर्मवर सातव्या प्रश्नापुढं मी 'निरंक' असं लिहिलं.

रक्तदाबाचं प्रमाणपत्र लागत होतं. सगळ्यांना घेऊन दवाखान्यात गेलो. सहा जणांचा रक्तदाब व्यवस्थित निघाला. धुरपताबाईंचा तर डॉक्टरांनी दोनदा मोजला, कारण पंच्याहत्तरीला असा असत नाही म्हणे. माझा मोजला आणि डॉक्टर यंत्राकडं बघत राहिले.

"सर, तुम्हाला राग फार येतो का?"

"नाही," मी म्हणालो. आता दवाखान्याच्या खोलीत आवाज घुमतो हा काही माझा दोष नाही. बाहेरच्या बाकावरच्या पेशंटांनी आत डोकावून पाहिलं. डॉक्टरांनी प्रमाणपत्रावर लिहिलं, 'थोड्या प्रमाणात राग करण्यास हरकत नाही.' ते प्रमाणपत्र माझ्याकडं आहे. दाखवण्यासारखं नाही, पण आहे.

राहिली पोलीस चौकी. चौकीत जाऊ नका असं मला कॉलनीत चौघांनी सांगितलं. पण उद्या आतून फोडाफोडीचे आवाज आले आणि कुणी तक्रार केली तर अध्यक्ष म्हणून जाब मलाच विचारला जाणार. म्हणून पूर्वसूचना द्यायला गेलो. हवालदार सिताराम टेबलाशी होते. मी अर्ज पुढं केला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"रविवारी अकरा वाजता सात लोक जमणार. तोडफोड करणार. कशासाठी, मोर्चा हाय का?"

"मोर्चा नाही. सहल आहे."

"सहलीला हेल्मेट कशाला?"

"काचा उडतात."

"बरं. काठ्या घेऊन जायलाव का?"

"नाही नाही, काठ्या तिथंच मिळतात."

सिताराम ताठ बसले. "कोण पुरवायलंय काठ्या?"

"त्या पॅकेजमध्ये असतात."

"आन् राग कुणावर हाय तुमचा?"

"ते सीलबंद आहे," मी म्हणालो.

हे उत्तर चुकलं असं मला नंतर सांगण्यात आलं. परंतु खरं तेच उत्तर होतं. पुढचे दोन तास मी चौकीत बसलो. कॉलनीत कोणकोण राहतं, पूर्वी काही तंटा झाला आहे का, असं विचारलं गेलं. तंटा म्हटल्यावर मला खोटं बोलता येईना. बोअरचा नऊ वर्षांचा वृत्तांत मी सविस्तर सांगितला. परिणाम असा झाला की संध्याकाळी सिताराम मोटारसायकलवर कॉलनीत आले, भुजंगरावांना आणि परमेश्वरला बाहेर बोलावलं, दोघांची नावं वहीत लिहून घेतली आणि शांतता राखा म्हणून समज दिली. रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहिलं. मी एक हमीपत्र लिहून दिलं की सहलीमुळं सार्वजनिक शांततेचा भंग झाल्यास सर्वस्वी मी जबाबदार राहीन.

त्या रात्री भुजंगराव आणि परमेश्वर माझ्याशी बोलले नाहीत. माझा समज झाला की ते एकमेकांवरच्या रागानं गप्प आहेत.

रविवारी आश्रुबानं जीप काढली. पुढच्या जागेवरून भुजंगराव आणि परमेश्वरमध्ये वाद होणार हे ओळखून तिथं मीच बसलो. मागं धुरपताबाईंचा धपाट्यांचा डबा, दह्याचं भांडं, शेंगदाण्याच्या चटणीची पुरचुंडी आणि पाच माणसं. मल्लम्मा खिडकीपाशी. कमलबाईंनी लग्नातली हिरवी साडी नेसली होती. आत गेल्याबरोबर प्रियांकानं सगळ्यांना वरून खाली झाकणारे निळे झगे दिले, तेव्हा त्या साडीचं काय झालं असेल आणि त्याबद्दल कमलबाई कोणाकडं बघत होत्या, हे मी लिहीत नाही. धुरपताबाईंच्या नऊवारीवर झगा बसेना. मग तो पुढून बांधला, एप्रनसारखा. डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटखाली पदर. त्या म्हणाल्या, "आता कुठं जायचं, चंद्रावर का?"

मोठ्या खोलीत वस्तू मांडून ठेवल्या होत्या. एक टीव्ही, एक वॉशिंग मशीन, एक मिक्सर, दोन खुर्च्या, टेबलफॅन, चिनीमातीच्या बरण्या, कपबशा. समोर काचेची मोठी खिडकी, तिच्यापलीकडं बसायची जागा. कोपऱ्यात बॅटी आणि हातोडे. प्रियांका पाकीट घेऊन नावं चिकटवायला बाजूच्या टेबलाशी गेली आणि म्हणाली, "तोवर बघून घ्या, कोणाला काय फोडायचंय ते ठरवा."

इथंच पहिली चूक झाली. परभणीच्या माणसाला वस्तू फोडायला सांगा, पण 'बघून घ्या' म्हणू नका.

धुरपताबाईंनी बरणी उचलली, उजेडात धरली, बोटानं वाजवली. "ह्या बरणीला काय झालंय? लोणच्याची हाय ही. झाकण न्हाई म्हणून टाकली व्हय कुणी?" कमलबाईंनी कपांना कान आहेत का ते पाहून, चांगले सहा कप बाजूला काढले. भुजंगराव खुर्चीवर बसून डुलून पाहू लागले. आणि परमेश्वरनं मिक्सर उलटा केला, खिशातून टेस्टर काढला आणि जमिनीवर मांडी घातली.

"काही न्हाई झालेलं हेला," तो म्हणाला. "कार्बन झिजलेत नुसते."

"कार्बन हायेत का तुझ्याकडं?" हा प्रश्न भुजंगरावांनी विचारला. नऊ वर्षांत त्यांनी परमेश्वरला विचारलेला हा पहिला प्रश्न असावा ज्यात 'का रे बाबा' नव्हतं.

"जीपमधल्या पिशवीत हायेत."

भुजंगराव स्वतः उठून पिशवी घेऊन आले. मी दोनदा म्हणालो की आपण दुरुस्तीला आलेलो नाही, फोडायला आलोत, वेळ मोजला जात आहे. कोणी ऐकलं नाही. आश्रुबा टेबलफॅनची पाती पुसत होता.

तेवढ्यात प्रियांका कागदाच्या चिठ्ठ्या घेऊन आली. तिचा चेहरा मला जरा वेगळा वाटला. ती म्हणाली, "सर, एक शंका होती. पण असू दे, मी लावते." आणि तिनं चिठ्ठ्या चिकटवायला सुरुवात केली.

टीव्हीवर भुजंगरावांची चिठ्ठी लागली. मी 'परमेश्वर' वाचायच्या तयारीत होतो. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'एकलारे सर'.

मला वाटलं नजरचूक असेल. एका खुर्चीवर परमेश्वरची चिठ्ठी लागली. 'एकलारे सर.' टेबलफॅनवर आश्रुबाची. 'सर.' तिथंही त्यानं कमीत कमी शब्द वापरले होते. कपबशांच्या ट्रेवर कमलबाईंची, 'एकलारे सर (अध्यक्ष)'. बरणीवर धुरपताबाईंची, कमलबाईंच्या अक्षरात, 'मास्तर'.

शेवटी प्रियांका वॉशिंग मशीनपाशी थांबली. हातातल्या चिठ्ठीकडं बघून म्हणाली, "यावर 'आमचे हे' असं लिहिलंय. आमचे हे म्हणजे कोण?"

 मल्लम्मा हेल्मेटची काच खाली ओढून उभ्या होत्या.

"तुम्ही लिहिलंत?" मी विचारलं.

"मी कुठं नाव लिहिलं?" त्या काचेआडून म्हणाल्या. "नाव घेऊ नये म्हणून तर तसं लिहिलं."

मी एकोणतीस वर्षं शिक्षक होतो. वर्गात मागं कोणी काय बोललं तरी पुढं फळ्यावर लिहीत राहायची सवय आहे. तरी हे जरा जास्त होतं. मी शांतपणे म्हणालो, "ठीक आहे. फोडा."

कोणी हललं नाही.

"फोडा म्हणतो मी. त्यासाठीच आलोय ना आपण? भुजंगराव, घ्या बॅट."

"आधी परमेश्वरला घेऊ द्या," भुजंगराव म्हणाले.

"छे, तुमी मोठे हाव. आधी तुमी," परमेश्वर म्हणाला.

"मी कसा फोडू? तेच्यावर सरांचं नाव हाय. समोर माणूस उभा हाय जिवंत."

नऊ वर्षं एकमेकांच्या आधी पाणी मिळावं म्हणून भांडलेली ही माणसं तिथं 'आधी तुमी' करत उभी होती. मी विचारलं, आणि यात माझा आवाज चढला असेल तर तो हेल्मेटमुळं, की बाबांनो, माझा राग यायचं कारण काय? मी कोणाचा कॉक पिरगाळला? कोणाचं बटण दाबलं?

भुजंगरावांनी परमेश्वरकडं पाहिलं. परमेश्वरनं जमिनीकडं.

"सांगून टाका आता," कमलबाई म्हणाल्या. "साडीचं तर वाटोळं झालंच हाय."

"सर," परमेश्वर सावकाश म्हणाला, "आमी दोनदा मिटवलं होतं. मागच्या उन्हाळ्यात बटण तुमच्या भिंतीवर घ्यायचं ठरलं होतं आमचं. मी वायर आणून ठेवली होती. तुमी म्हणले, असं परस्पर न्हाई, सभेत विषय घ्या. सभेत तुमी आमाला मागचं सगळं वाचून दाखवलं. कोण कोणाला काय म्हणलं होतं, तारखेसकट. तवा परत पेटलं."

"इतिवृत्त वाचावंच लागतं," मी म्हणालो.

"दुसऱ्या बारीला दिवाळीत," भुजंगराव म्हणाले. "मी हेला फराळाला बोलवलं होतं. तुमी दोघांच्या मधी येऊन बसले आन् म्हणले, आता दोन्ही पक्षांनी आपली बाजू मांडावी. चिवडा खात होतो सर आमी."

"आन् रविवार," धुरपताबाई म्हणाल्या. "लेकरू सहा दिवस राबतंय. सातव्या दिवशी मास्तर हजेरी घेतोय."

"मोबाइलवर मी काही लिहिलं की तुमी त्यातल्या चुका लाल करून परत पाठवता," कमलबाई म्हणाल्या. "पाणी आलं एवढंच लिहिलं होतं मी. आलं का आलें, त्यावर पाच मेसेज झाले. तवर पाणी गेलं."

आश्रुबा म्हणाला, "हौ."

आता मी विचारतो, शिस्त हा गुन्हा आहे काय? मी या माणसांसाठी रविवारची झोप सोडली, चौकीत दोन तास बसलो, हमीपत्र दिलं, लाख वितळवताना बोट भाजून घेतलं. आणि हे सगळे मिळून माझ्यावर चिठ्ठ्या लिहितात. हाताच्या मुठी वळायला लागल्या. कानशिलं गरम झाली. मला जे काही होत होतं त्याला राग म्हणत नाहीत, त्याला व्यथित होणं म्हणतात, पण त्यासाठीसुद्धा काहीतरी फोडावंसं वाटतं असं त्या दिवशी लक्षात आलं. मी बॅट उचलली.

"सर, थांबा," प्रियांका आडवी आली. "तुमच्या नावानं काही नाही."

"म्हणजे?"

"तुम्ही 'निरंक' लिहिलंय. मग मी तुमच्यासाठी वस्तूच धरली नाही. सहाच धरल्या, बाकीच्या जादाच्या. नियम आहे तसा, ज्याची चिठ्ठी त्याची वस्तू."

"माझ्याच नावाच्या सहा वस्तू आहेत इथं."

"पण त्या तुमच्या नाहीत सर. तुमच्यावरच्या आहेत."

नियमावर मी आजवर कधी हुज्जत घातलेली नाही. त्या दिवशी घातली. मी म्हणालो, ज्या वस्तूवर चिठ्ठी नाही ती मी फोडणार. आणि चिठ्ठी नसलेली पहिली वस्तू मला दिसली, ती जमिनीवर होती. मी बॅट दोन्ही हातांनी वर नेली आणि सगळ्या ताकदीनं खाली आणली.

त्याच क्षणी परमेश्वरनं बोर्डात पिन घातली होती. मिक्सर एकदाच गुरगुरला. चांगला, गुळगुळीत आवाज होता. धुरपताबाई म्हणाल्या, "चालू झाला बग." आणि त्यावर माझी बॅट पडली.

मिक्सरचे तीन तुकडे झाले. एक खुर्चीखाली गेला, एक काचेवर आदळला, आणि मोटारीचा भाग तारेला लटकत बोर्डापाशी राहिला. प्रियांकानं धावत जाऊन मेन स्विच पाडला. परमेश्वर मांडी घातलेल्या जागी तसाच बसला होता, हातात टेस्टर.

"कार्बन नवे घातले होते," तो म्हणाला.

एवढंच. त्यानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. भुजंगराव खुर्चीवरून उठले. इतका वेळ 'समोर माणूस उभा हाय' म्हणणाऱ्या भुजंगरावांनी परमेश्वरच्या खांद्याला धरून त्याला उठवलं, एक बॅट त्याच्या हातात दिली आणि एक स्वतः घेतली. मग माझ्याकडं वळून फार अदबीनं म्हणाले, "सर, तुमी जरा बाहेर बसा."

प्रियांकानं मला दाराबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

काचेपलीकडं बसून मी पाहिलं. आधी टीव्ही गेला. परमेश्वरनं एक मारली, भुजंगरावांनी एक, मग दोघांनी पाळी लावून. कमलबाई कप एकेक करून भिंतीवर मारत होत्या, आधी निवडून काढलेले चांगले सहासुद्धा. आश्रुबानं टेबलफॅन डोक्यावर उचलून खाली टाकला, पुन्हा उचलला, पुन्हा टाकला. त्याचा चेहरा एवढा आनंदी मी कधी पाहिला नव्हता. धुरपताबाईंनी लोणच्याची बरणी दोन्ही हातांत धरली, थोडा वेळ विचार केला, ती बाजूला सुरक्षित ठेवली, तिच्यावरची चिठ्ठी काढून दुसऱ्या तडकलेल्या बरणीला लावली आणि ती फोडली. मल्लम्मा बराच वेळ वॉशिंग मशीनसमोर उभ्या होत्या. त्यांनी हातोडा उचलला आणि एकदाच, हलकेच, झाकणावर मारला. टिकली लावावी तसा पोचा पडला असेल. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग जोरात मारला.

प्रियांका माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. "सर, एवढा छान ग्रुप पहिल्यांदाच आला," ती म्हणाली आणि तिनं मला अभिप्रायाचा फॉर्म दिला. आम्ही एका मिक्सरसह किती वस्तू फोडल्या याची नोंद केली. अभिप्रायाच्या रकान्यात मी दोन ओळी लिहिल्या, त्यातली एक खोडली.

परतीच्या वाटेवर झाडाखाली जीप थांबवून सगळ्यांनी धपाटे खाल्ले. भुजंगराव आणि परमेश्वर एकाच ताटात दही घेऊन बसले होते. कोणाचा टोला कसा बसला, टीव्ही आतून कसा पोकळ निघाला, हे एकमेकांना सांगत होते. धुरपताबाई म्हणाल्या, "लय बरं वाटायलंय जिवाला. मास्तर, तुमाला एक धपाटं देऊ का?" मी नको म्हणालो. भूक होती, पण नको म्हणालो. त्यांनी आग्रह केला नाही. हे मला जास्त लागलं.

संध्याकाळी घराबाहेर ठोकाठोकीचा आवाज आला म्हणून गॅलरीतून पाहिलं. परमेश्वर शिडीवर होता, भुजंगराव शिडी धरून. मोटारीचं बटण भुजंगरावांच्या ओसरीतून निघून आश्रुबाच्या बाहेरच्या भिंतीवर चाललं होतं. आश्रुबा बॅटरी धरून उभा होता. मला कोणी विचारलं नाही. सभेची सूचना नाही, ठराव नाही, काही नाही.

पुढच्या रविवारी दहाला मी अंगणात खुर्च्या मांडल्या. कोणी आलं नाही. सव्वादहाला कमलबाई बोलवायला आल्या की सभा आश्रुबाच्या ओट्यावर आहे, चला. गेलो. दोन ठराव झाले. पहिला, पाणी सोडायच्या वेळांचा. तो चार मिनिटांत झाला; मी घड्याळ लावलं होतं. दुसरा, एकलारे सरांनी नऊ वर्षं फार कष्ट घेतले, आता त्यांना विश्रांती द्यावी. सूचक भुजंगराव. अनुमोदक कोण, असं विचारल्यावर मल्लम्मांनी हात वर केला.

मी त्यांच्याकडं पाहिलं.

"तुमाला रविवारी निजता येईल म्हणून केलं," त्या म्हणाल्या.

ठराव एकमतानं मंजूर झाला. नऊ वर्षांतला पहिला एकमतानं मंजूर झालेला ठराव, आणि तो माझ्याविरुद्ध. मग इतिवृत्त कोण लिहिणार यावर जरा अडलं, कारण अक्षर कोणाचंच धड नव्हतं. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी वही घेतली. भुजंगरावांनी 'इश्रांती' असं सांगितलं, मी 'विश्रांती' लिहिलं. खाली सही करून वही परमेश्वरच्या हातात दिली आणि कोणाशी न बोलता घरी आलो.

माझा विचार असा होता की हात-पाय धुवावेत आणि या सगळ्या प्रकाराबद्दल एक सविस्तर निवेदन लिहायला बसावं. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीत गेलो. तिथला नळ घर बांधल्यापासून शोभेला आहे; तो पिरगाळायची मला सवयही राहिली नव्हती. त्या दिवशी सहज पिरगाळला. आधी नळ खोकला, मग थोडं गंजाचं पाणी आलं, आणि मग धार लागली. जाड, सरळ, बादलीच्या तळाला वाजणारी. खालून परमेश्वरनं हाक मारली, "सर, वर चढलं का पाणी?"

 बादली भरली, दुसरी लावली, तीही भरली. राग तर येतच होता. पण पाणी फार छान येत होतं, म्हणून मी तिसरी बादली आणायला खाली गेलो, आणि जाता जाता परमेश्वरला "चढलं" एवढं सांगितलं.